विसळलेला पेला

साहेबांनी सगळ्यांदेखत ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं, तरी फाटकापाशी जमलेली गर्दी हलेना.

“तुमचं काय हो, पगारासाठी तुम्ही विषसुद्धा गिळाल!” टोपीवाले एक काका ओरडले. “गटारातलं पाणी ते. गाळा नाहीतर चाळा!”

पाणीपुरवठा मंडळाचं हे नवं केंद्र शहराचं सांडपाणी शुद्ध करून पिण्याजोगं करत होतं. धरणाने तळ दाखवला होता आणि सगळं शहर टँकरच्या पाण्यावर दिवस काढत होतं. शेजारच्या जिल्ह्यांनी पाणी द्यायला साफ नकार दिला होता. आज लोकांनी हो म्हटलं, तर हे पाणी नळांना जाणार होतं. नाही म्हटलं, तर केंद्राला कुलूप.

पाणी तपासणाऱ्या लॅबमधल्या बाई साहेबांच्या मागेच उभ्या होत्या. कडेवर चार वर्षांची ठकी. पाळणाघराला सुट्टी आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून सोबत आणलेली. वर्षभर बाईंनी या पाण्याचा थेंब न् थेंब पारखला होता. इतकं चोख पाणी अख्ख्या शहरात नव्हतं. याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

“एवढी खात्री आहे ना?” काकांचं लक्ष आता बाईंकडे गेलं. “मग पाजा की स्वतःच्या पोरीला!”

गर्दीत खसखस पिकली. साहेबांनी वळून पाहिलं. बाई समजायचं ते समजल्या.

भ्यायचं काय त्यात?

“पाजते,” त्या म्हणाल्या.

कागदी ग्लास संपले होते. रखवालदार धावत गेला आणि आपल्या खोलीतला स्टीलचा पेला घेऊन आला. साहेबांनी तो नव्या नळाखाली एक थेंब न सांडता भरला. बाईंनी ठकीला खाली उतरवलं, तसा साहेबांनी तो तिच्या हातात दिला. गर्दी टाचा उंचावून बघू लागली.

“आई, सगळं प्यायचं?” ठकीने दोन्ही हातांनी पेला उचलला.

तेव्हा बाईंना दिसलं. पेला पार बुडापर्यंत बाहेरूनही ओला होता. त्यांनी मान वळवली. रखवालदाराच्या खोलीत नळ नव्हता. दाराशी टँकर उभा होता, आणि त्याच्या तोटीतून अजून थेंब गळत होते. बिचाऱ्याने चांगला म्हणून पेला विसळून आणला होता.

त्या टँकरच्या पाण्याचा नमुना सकाळीच त्यांच्या टेबलावर होता. त्यात काय वळवळत होतं, ते त्यांनी साहेबांना दाखवलंही होतं. “नवं पाणी सुरू होईपर्यंत कुठे बोलू नका,” साहेब म्हणाले होते. “उगाच बोंबाबोंब होईल.” बाईंनी मान डोलावली होती. स्वतःच्या घरी त्या विकतच्या पाण्याचा जार आणत.

“ठकी, नको!”

बाईंच्या हाताचा फटका बसला तसा पेला पायऱ्यांवरून ठणठणत थेट काकांच्या पायाशी गेला. ठकीने भोकाड पसरलं.

“बघा! डोळे उघडून बघा!” काका नाचायचेच बाकी होते. “जिने पाणी तपासलं, तीच पोरीला पाजत नाही!”

लोकांनी फाटक गदागदा हलवलं. “कुलूप लावा! कुलूप लावा!” साहेब पांढरेफटक पडले. “बाई, काय केलंत हे!”

“पाणी चांगलंय हो!” बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या. “पाण्यात काही नाही! पेला टँकरच्या पाण्यात विसळलाय!”

फाटक हलवणारे हात थांबले.

फाटकाला टेकून बाईंच्याच वयाची एक आई उभी होती. तिच्या कडेवरचं मूल बाटली तोंडाला लावून चुटूचुटू पाणी पीत होतं. तिने ती बाटली हलकेच काढून घेतली. उन्हात धरून पाहिली.

“पण ताई,” ती म्हणाली, “आम्ही तर रोज तेच पाजतोय.”