टिकलीची हाक

"ये गं टिकले, सगळ्यांना घेऊन ये, दाणे टाकलेत!"

कौतिकाबाई तुरीच्या शेतात थबकली. आवाज तिचाच होता, पण तिनं तर तोंडही उघडलं नव्हतं. ओरडत होता तो हरीण-नियंत्रणवाल्यांचा भोंगा.

"मावशी, तुम्ही बाटलीनं दूध पाजून वाढवलेल्या त्या टिकली हरिणीमागं सगळा कळप चालतो," असं म्हणत नियंत्रणवाल्यांच्या प्रसेनजितनं तिचा आवाज यंत्राला शिकवला होता. "भोंगा रानाच्या कडेला लावू. तुमच्या हाकेनं हरणं पीक सोडून तिकडं जातील."

पण भोंगा लावला होता तारेच्या कोंडवाड्यात. वर बंदूक बांधलेला ड्रोन घिरट्या घालत होता.

कळप निघाला. पुढं टिकली.

"प्रसेनजित, बंद कर मेल्या!"

"पिकासाठीच ना, मावशी," बांधावर उभा असलेला तो नजर चुकवत म्हणाला.

ती जिवाच्या आकांतानं ओरडत धावली, "हुर्र! पळ टिकले, हुर्र!"

टिकली थांबली. तिनं कान हलवले. दोन्हीकडून एकच आवाज येत होता. एक बोलावणारा, एक हाकलणारा.

कौतिकाबाईनं तिला जन्मात कधी हुर्र केलं नव्हतं.

टिकली दाण्यांच्या हाकेकडं वळली.