वरच्या मजल्यावरची बाटली

बाटली आज पुन्हा आली होती. दाराबाहेर, पायपुसण्याशेजारी, बुचाला निळ्या दोऱ्याचं फूल बांधलेली. तिने ती आत आणली आणि शिलाई मशीनशेजारी अशी आदळली की कात्री खाली पडली.

वरच्या मजल्यावरची बाई राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. चष्म्याच्या दुकानात कामाला, एकटी, सदा हसतमुख. आणि नेमकी हिच्या नवऱ्याच्या पंथाची. अख्ख्या शहरात त्या पंथाची पाच-सहा घरं, आणि त्यातलं एक हिच्याच डोक्यावर यावं, याला काय म्हणायचं?

गल्लीतले लोक त्यांना फुंकरवाले म्हणत. त्यांना देऊळ नव्हतं, ग्रंथ नव्हता. माणूस दुसऱ्यासाठी जो श्वास सोडतो तोच देव, एवढंच त्यांचं म्हणणं. आलं, लिंबू, साखर घालून घरी सोडा करायचा, बाटलीत भरायचा, वरून एक फुंकर मारायची आणि बूच लावायचं. मग आत जे बुडबुडे उठतात ते त्या माणसाचे. पिणाऱ्याने बाटली संपवली की तिच्यात आपली फुंकर मारून ती परत करायची. कारखान्यातला सोडा त्यांना चालत नसे. तो यंत्राने बंद केलेला, म्हणजे कुणाचाच नाही.

लग्नानंतर नवऱ्याने तिला एकदाच विचारलं होतं, "माझ्यासाठी एक बाटली भरशील?"

ती पोट धरून हसली होती. "मला नाही जमायची ही थेरं. फ्रिजमध्ये कॅन आहेत. कडी ओढली की फस्स! फुंकर कशाला हवी?"

त्याने पुन्हा विषय काढला नाही. तो आपला पाणी प्यायचा.

आता दर आठवड्याला बाटली खाली यायची. संध्याकाळी तो डोळे मिटून प्यायचा, रिकाम्या बाटलीत फुंकर मारायचा आणि बूच लावून ती जिन्यात नेऊन ठेवायचा. सकाळी बाटली गायब. म्हणजे वरची ती उघडत असणार. उघडून काय करत असणार, या विचारात हिने परवा एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले होते.

तुझा विश्वास नाही ना, मग जळतेस कशाला, असं तिने स्वतःला कितीदा तरी विचारून पाहिलं होतं. पण जळणं काही थांबत नव्हतं.

आज तिने ते फूल अलगद सोडवलं. गाठ नीट पाहून ठेवली. गाठींच्या बाबतीत तिला कुणी शिकवायला नको होतं. सोडा बेसिनमध्ये ओतला. शेवटचा घोट तेवढा चाखून पाहिला. चांगला होता. तिथेच तिचं डोकं फिरलं.

फ्रिजमधला लिंबू-सोड्याचा कॅन काढून तिने बाटलीत रिकामा केला. घे, आता कुणाचाच नाही तो पी. बूच लावायला हात उचलला आणि ती थांबली. दार बंद होतं, खिडकीत कुणी नव्हतं, तरी तिने इकडेतिकडे पाहिलं. मग बाटली तोंडाशी नेऊन फुंकर मारली, तळहाताने बूच ठोकून बसवलं आणि वर निळं फूल बांधलं. अगदी हुबेहूब.

संध्याकाळी नवरा आला. दिवसभर किल्ल्या घासून त्याच्या बोटांना पितळेचा वास येत होता. त्याने फूल सोडलं, पण बूच निघेना. बाटली गुडघ्यात धरून त्याने ते कसंबसं उपटलं, डोळे मिटून एक घोट घेतला आणि डोळे उघडले.

"कॅनमधला आहे हा."

ती सुईत दोरा ओवत होती. "तुझ्या वरच्या ताईंना कंटाळा आला असेल करायचा."

"ताई बूच हलक्या हाताने लावतात. हे काढताना माझा अंगठा सोलवटला." त्याने बाटली टेबलावर ठेवली. "फुंकर मारलीस?"

नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. त्याने बाटली ओतून टाकली असती आणि तो पाणी प्यायला असता. दोरा सुईत काही जाईना.

"मारली."

"मनात काय होतं?"

"तुझ्या त्या ताईंना शिव्या देत होते."

तो हसला नाही. त्याने बाटली उचलली.

"अरे, कॅनमधला चालत नाही ना तुला?"

"नाही चालत," तो म्हणाला आणि तळापर्यंत प्यायला.

मग त्याने रिकाम्या बाटलीत सावकाश फुंकर मारली आणि बूच लावलं. आता तो जिन्याकडे जाणार. ते बघायला नको म्हणून तिने मशीनवर मान खाली घातली. दाराचा आवाज आला नाही. कात्री आणि रिळाच्या मधे, तिच्या हाताशी, त्याने बाटली ठेवली आणि तो हात धुवायला गेला.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिने मान वर केली आणि बाटली दिव्यासमोर धरून पाहिली. आत काहीच नव्हतं. तरी ते निसटून जाईल म्हणून तिने बूच अंगठ्याने घट्ट दाबून धरलं.