मातीची वेळ

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या पवित्र भाकरीचं ताट समोर आलं, की रत्नमाला न घेताच ते शेजारणीकडे सरकवी. थोरल्या भावाने तिची वाट न पाहता आईला माती दिली, त्याला बारा वर्षं झाली होती. मनात अढी ठेवून त्या भाकरीला हात लावणं तिला पाप वाटे. या रविवारी मात्र तिला उपाशी राहवेना. चर्चमधून उठून ती तडक भावाच्या गावी गेली.

"या वन्सं, बारा वर्षांनी वाट सापडली?" दारातच वहिनी म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "पण आता ते कुणालाच ओळखत नाहीत."

रत्नमाला त्याच्या खाटेशी गुडघ्यांवर बसली. "दादा, मी तुला क्षमा केली."

त्याची नजर तिच्यावरून पलीकडे गेली. "थांबा पाळकसाहेब, आईच्या पेटीला खिळे ठोकू नका. माझी बहीण सोलापूरहून निघालीय."

"रोज हेच," वहिनी पुटपुटली.

"दादा, मी आले रे!"

परक्या बाईची समजूत घालावी तसा त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नका, बाई. ती येईपर्यंत मी कुणाला माती लोटू देणार नाही."