अठ्ठाविसाव्या भागानंतर

भाग अठ्ठावीस. मरणं एकेचाळीस, त्यातली गोळीने तेहेतीस. फाशी दोन. शेवट नाही, कारण तिसऱ्याच वर्षी वाहिनीने मालिका गुंडाळली.

मुलीने हे वहीत मांडलं होतं. ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची, आणि काळजी वाटली की मोजायला लागायची.

चार वर्षांपूर्वी आईला मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचता येईना. चित्र दिसे, अक्षरं मात्र मुंग्यांसारखी पळत. खाणगावाची ती परदेशी मालिका तिने बाबांच्या सोबतीने पाहिली. आई म्हणायची, "आला बघा टोपीवाला, विधवेच्या दारात उभाय," आणि बाबा पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी मोठ्याने वाचायचे. मालिका बंद पडली तेव्हा बाबाच जास्त चिडले. "इतकं चांगलं चाललं होतं. बंद करणाऱ्यांना काय कळतंय?"

आता पायरी चुकून पडल्यामुळे बाबा मांडीचं हाड मोडून इस्पितळात होते. आईचा वेळ जावा म्हणून मुलगी पहिल्या भागापासून वाचायला बसली. तिलाही मालिका धरून ठेवत होती. चिखल खराखुरा होता, आणि माणसं मरायला वेळ घेत.

"चुकीचं वाचतेस," आई म्हणाली.

"आहे तेच वाचतेय."

"विधवेला खोली रिकामी कर, असं कसा म्हणेल टोपीवाला? तो म्हणतो, मी तुझ्या नवऱ्याजवळ होतो, शेवटी त्याने तुझंच नाव घेतलं. मी रडले होते तिथे."

"असं काही नाहीये गं त्यात."

"मग नीट वाच. यांच्या वाचण्यात कसा जीव असायचा. तू पाण्याचा अहवाल वाचतेयस."

पंधरा दिवसांत अठ्ठावीस भाग संपले. मुलीने बावीस प्रश्न काढले. आईची तीन उत्तरं जुळली: घोड्याचा रंग, फाशीचं झाड, विधवेच्या हातावरचा डाग. बाकीची चुकली, पण आई कुठेही अडखळली नाही. मुलीला त्याचीच भीती वाटली.

आईच्या डॉक्टरांनी वही चाळली. न घडलेलं इतक्या खात्रीने आठवणं बरं नाही, म्हणाले. शुक्रवारी त्यांना इस्पितळाच्या स्मृतिभ्रंश विभागात हलवू. तिथे गेलेली माणसं सहसा घरी येत नसत.

मुलगी तशीच बाबांकडे गेली.

"आईला मालिका आठवतच नाही, बाबा. भलतंच सांगते."

"तुझ्या आईचं डोकं माझ्यापेक्षा चांगलंय."

"बाविसात तीन."

"मग तुझे प्रश्न चुकले असतील."

"तुम्ही तिला पाठीशी घालू नका. शुक्रवारी नेणारेत तिला."

बाबा छताकडे तोंड करून पडून राहिले. हाताने चादरीची कड चाचपत होते.

"कायमचं?"

"बहुतेक."

"नर्सला बोलाव," ते म्हणाले. "मला एक तपासणी करून घ्यायचीय."

"कसली?"

"बोलाव तर आधी."

गुरुवारी दुपारी बाबांचा अहवाल आला. मुलीने तो जिन्यातच उघडला. काचबिंदू, दोन्ही डोळे, किमान पाच वर्षं जुना. डावा: फक्त उजेड कळतो. उजवा: बोटं मोजता येतात, एका फुटावरून.