बारा अंड्यांचे पत्ते

"तो अर्ज पर्समध्येच राहू दे. आधी सण," बाबांनी दार उघडता उघडता बजावलं.

थोरल्या लेकीने पर्स घट्ट धरली. अर्जाचा विषय तिने एकदाच काढला होता, तोही फोनवर, दोन आठवड्यांपूर्वी. बाबा विसरले असतील अशी तिची समजूत होती. गावाबाहेर विसराळू म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था होती आणि तिथे एक खाट रिकामी झाली होती. बाबा तिथे, आई आपल्याकडे, असं तिने ठरवून टाकलं होतं. सोमवारपर्यंत सही हवी होती.

हे तिने हौसेने ठरवलं नव्हतं. गेल्या महिन्याभरात गॅसवरचं भांडं जळून कोळसा झालं, नळ उघडा राहून खालच्यांचं छत गळलं आणि घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागे सापडल्या. प्रत्येक वेळी बाबा छाती पुढे काढून म्हणाले, "मी केलं." लपवाछपवी त्यांच्या स्वभावातच नव्हती.

थोरली नर्स होती. अशी माणसं ती रोज सांभाळायची. पण स्वतःच्या बापाची वेळ आली तेव्हा अर्ज भरताना तिला तीनदा पेन खाली ठेवावं लागलं.

तिच्या दोन्ही मुली चपला भिरकावून आत पळाल्या. ईस्टर हॉटेलात करू, असं यंदा जावयाने सुचवलं होतं. बाबांनी ते उडवून लावलं होतं. "रंगाला चार कांद्यांची सालं न् एक बीट, रंगवायला डझनभर अंडी, एवढ्यात होतो सण. पोरींना शोधायला अंडी लपवायची, तर हॉटेलवाल्याला आमच्या घरातले कोपरे ठाऊक आहेत का?"

टेबलावर बरणीत पांढरी फुलं होती. आईची बोटं कालच्या बिटाने अजून गुलाबी होती. स्वयंपाकघरात मात्र जिकडे तिकडे चिठ्ठ्या डकवलेल्या, बाबांच्या टपोऱ्या अक्षरात. साखर. मीठ. नळ बंद? गॅस बंद?

"हे कुणासाठी, बाबा?"

"माझ्यासाठी. दुसरं कोण आहे इथे विसराळू?"

आईने चहा आणला. थोरलीने पर्स बाजूला ठेवून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. चहात मीठ होतं. बाबांनी मात्र कप एका दमात रिकामा केला.

"डब्यांची झाकणं मीच बदलली सकाळी," ते म्हणाले. आई गालातल्या गालात हसली.

"बघा! मी हेच म्हणतेय, बाबा."

"म्हण की. पस्तीस वर्षं टपाल वाटलं मी. एकही पत्र चुकीच्या दारात पडलं नाही. आज बारा अंडी लपवलीत आणि बाराही पत्ते तोंडपाठ आहेत. एक जरी चुकला तर तुझ्या अर्जावर सही करतो, आजच्या आज. नाही चुकला तर तू तो फाडायचा. या घरातून कुणालाही हलवायचं नाव पुन्हा काढायचं नाही. कुणालाही."

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, थोरली मनात म्हणाली. "कबूल," तिने मान हलवली.

बाबा खुर्चीत ताठ बसले. "एक, शिवणयंत्राचा खण. दोन, मिटलेली छत्री. तीन, माझा डावा बूट..."

नाती पळत होत्या, ओरडत होत्या, परडी भरत होत्या. दहा झाली. थोरली बोटांवर मोजत होती. बापाने हरावं की जिंकावं, तिचं तिलाच कळेना.

"अकरा, बाथरूमची बादली."

"बादलीत नाहीये, आजोबा!" आतून आवाज आला.

थोरलीने डोळे मिटले.

"बादलीत नाही गं, पालथ्या बादलीखाली! बघ नीट."

"सापडलं!"

"आणि बारा," बाबा थेट तिच्याकडे बघत म्हणाले, "तुझी पर्स. तू चहाला तोंड वेंगाडत होतीस तेव्हा."

तिने पर्स उघडली. घडी घातलेल्या अर्जावर एक गुलाबी अंडं ऐटीत बसलं होतं.

थोरली हसली आणि हसता हसता रडली. अर्जाचे तिने चार तुकडे केले, मग आठ. "चुकलं माझं, बाबा. तुमचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे."

"आणखी काही परीक्षा? घे, आहे तयारी."

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. हातातल्या ताटात डझनभर पांढरीशुभ्र अंडी, नुकतीच उकडलेली, वाफाळती.

"अहो, उठा की," ती म्हणाली. "नाती यायच्या आत रंगवून घेऊ."

मुलींनी आपल्या भरलेल्या परडीकडे पाहिलं. थोरलीने आईच्या गुलाबी बोटांकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं.

बाबा झटकन उठले आणि आईच्या हातातलं ताट त्यांनी आपल्या हातात घेतलं.

"मीच सांगितलं होतं तिला उकडायला," ते म्हणाले. "विसरलो."