हललेला भाग

चित्रणाच्या दर्जाशी तडजोड करणं हा आठवणींशी द्रोह आहे, असं बाबांनी जाहीर केलं. चष्म्याची मोडकी काडी दोऱ्याने बांधून वापरणाऱ्या माणसाला दर्जाबद्दल मत आहे, हे आम्हाला नवीनच होतं.

आई गेल्यावर त्यांनी घरातले सगळे व्हिडिओ जोडून एक फिल्म करायचं मनावर घेतलं. कॅमेरा कायम आईच्याच हातात असायचा, त्यामुळे ती कशातच दिसत नाही, नुसती ऐकू येते. बाबांनी सॉफ्टवेअर इतकं पारखून घेतलं, की जावईसुद्धा तेवढा पारखला नव्हता. एक सॉफ्टवेअर चित्र धूसर करायचं, दुसरं कोपऱ्यात स्वतःचं नाव छापायचं. तिसरं मात्र हललेला भाग आपणहून ओळखून कापायचं आणि बाकीच्या भागाचा दर्जा जसाच्या तसा ठेवायचं. बाबा त्याच्यावर बेहद्द खूश झाले.

रविवारी आम्ही फिल्म बघायला बसलो. पडद्यावर बाबा सायकल शिकत होते. एकदाही पडले नाहीत.

"बाबा, आईचं हसणं कुठे गेलं?"

"म्हणजे?"

"तुम्ही पडलात की ती हसायची. आणि ती हसली की कॅमेरा हलायचा."

बाबांनी फिल्म मागे नेली. आवाज पूर्ण वाढवून पुन्हा लावली.

"मूळ व्हिडिओ आहेत ना?" मी विचारलं.

"जागा पुरेना गं. पुसून टाकले."

चित्राचा दर्जा तसूभरही घसरला नव्हता.