निष्कलंक गिऱ्हाईक

"दिवसभर नुसता तोंडाकडे बघत उभा राहणार आहेस की काही मागशील?" औषधांच्या दुकानाच्या काउंटरमागून मिसेस प्रुइट म्हणाल्या.

लॉवेल टीगने आवाज खाली आणला. "तो मिरीचा फवारा, पेपर स्प्रे. नोरीनसाठी."

"अगं बाई! लाजतोस काय असा? चोरून सिगारेट मागतोयस जणू." त्यांनी कुलूपबंद कपाट उघडले. "गोदामातल्या कामावरून चालत घरी येते ना ती? पुलाखालच्या टवाळांचीच भीती असणार."

"हं."

"तीच का नाही आली?"

"तिला... अवघड वाटतं."

शेजारच्या पेन्सिल्व्हेनिया राज्याची हद्द या एल्मायरा गावापासून हाकेच्या अंतरावर. तिकडे हीच कुपी बिनबोभाट मिळते. न्यूयॉर्क राज्य मात्र ती बंदुकांच्या परवानाधारक दुकानात किंवा औषधांच्या दुकानातच विकू देते आणि गिऱ्हाइकाकडून त्याच्या चारित्र्याची लेखी ग्वाही घेते. नागरिकाला त्याच्याच शब्दांत निर्दोष ठरवण्याची ही सोय मोठी सभ्य आहे.

"अठरा पूर्ण?" मिसेस प्रुइट हसल्या. "गंभीर गुन्ह्यात किंवा मारहाणीत शिक्षा? तुला हे विचारायचं म्हणजे मलाच कसंतरी होतं रे. पण विचारावं लागतं."

"शिक्षा नाही," लॉवेल म्हणाला. ते अक्षरशः खरे होते. सही करताना त्याचे कान तापले.

"घरात चालतो हा?" त्याने विचारले. "म्हणजे, बंद खोलीत?"

"चालतो, पण मारणाऱ्यालाही ठसका लागतो. डोळ्यांवर मारायचा आणि थेट बाहेर पळायचं. पुन्हा वळून बघायचं नाही, सांग तिला."

"सांगतो."

"बायकोची एवढी काळजी करणारा नवरा आमच्या नशिबी नव्हता बाबा," त्या पिशवी देत म्हणाल्या. रांगेतली एक म्हातारी कौतुकाने मान डोलावू लागली. लॉवेलला तिच्याकडे बघवेना. उरलेले सुटे पैसे तसेच टाकून तो बाहेर पडला.

नोरीन स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. त्याने कुपी टेबलावर ठेवली आणि तो दारातून बाजूला सरून भिंतीला टेकला.

"हे माझ्याजवळ सापडलं तर तुरुंगात मी जाईन," ती वर न बघता म्हणाली. "मारहाणीची शिक्षा माझ्या नावावर आहे, लॉवेल."

"ठाऊक आहे. म्हणून तर मी आणलं."

"आणि हे मारू कुणाला? पुलाखालची पोरं मला मावशी म्हणतात."

लॉवेलने कपाळावरच्या जुन्या व्रणावरून बोट फिरवले.

"पुन्हा तवा उचलू नकोस," तो म्हणाला. "तव्याची खूण पोलिसांना दिसते. मी हात उगारला की हे मार."